कातीव : एका समीक्षाविशेषणाची नैतिक बाजू

मराठी समीक्षेच्या परिभाषेत काही विशेषणे इतकी रुळली आहेत की, ती मुळात हातकामाच्या जगातून आली आहेत ह्याचे भान ती वापरताना क्वचितच राहते. 'कातीव', 'घोटीव', 'घडीव', 'ओतीव', 'रेखीव' ही त्यांपैकी काही. एखादी कथा कातीव आहे असे म्हटले, की तिच्यात अनावश्यक काही उरलेले नाही, तिचा आकृतिबंध सर्व बाजूंनी सुडौल आहे, असा अर्थ गृहीत धरला जातो. परंतु फिरत्या लाकडावर हत्याराची धार धरून त्याला आकार देणे म्हणजे कातणे, आणि हे काम करणारा तो कातारी. त्याच्या हातून पोकळ पात्राचा आकार कसा सुधारत जातो हे पाहिल्यास ह्या विशेषणामागे केवळ सौंदर्यविषयक नव्हे, तर नैतिक प्रश्नही दडलेला आहे, असे दिसून येते. तो प्रश्न असा : जे काढून टाकले ते परत मिळणार नसेल, तर परिष्करणाचा अधिकार कशाच्या आधारे वापरायचा?

सावंतवाडीच्या लाकडी कारागिरीतून महाराष्ट्राला परिचित झालेल्या वस्तूंत कुंकवाच्या करंड्याचा समावेश होतो. करंडा ही लहानशी वस्तू. पण बूड, पोट, गळा आणि काठ ही पात्राची चारही अंगे तिच्यात आहेत. पोटाची सर्वांत रुंद जागा नेमकी मध्यावर आली तर पात्र जड व बसके भासते. ती किंचित वर सरकली आणि बूड आवळले गेले की तेच पात्र जमिनीवरून उचलल्यासारखे वाटते. वक्ररेषेत कोठे बोटभर सपाटी राहिली असेल तर उजेडाची रेघ तेथे तुटते. ती सपाटी काढण्यासाठी केवळ तेवढीच जागा कातून चालत नाही, कारण तेथे खळगा पडतो. आजूबाजूचा सारा उतार पुन्हा कातावा लागतो. एका जागेची दुरुस्ती ही अशा रीतीने संपूर्ण आकाराची फेरमांडणी असते. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) ह्या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांच्या आधारे ज्या घटकसंबंधांची मीमांसा केली, त्यांचे इतके साधे आणि स्पर्शगम्य उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

आर. जी. कॉलिंगवुड ह्याने 'द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट' (१९३८) मध्ये कारागिरी आणि कला ह्यांत भेद केला, तो मुख्यतः योजनेच्या मुद्द्यावर. कारागिराला काय घडवायचे आहे ते आधीच ठाऊक असते; कलावंताला ते घडविता घडविता कळते. एकच वस्तू कारागिरी आणि कला दोन्ही असू शकते, हे तो मान्य करतो. तरी योजनेची पूर्वसिद्धता हे कारागिरीचे लक्षण तो सोडत नाही. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरील सणसवाडीसारख्या औद्योगिक गावात हे लक्षण तंतोतंत लागू पडावे. अशा ठिकाणी संगणकनियंत्रित लेथवर धातूचा भाग कातला जातो, तेव्हा त्याचे माप रेखाचित्रात आधीच निश्चित असते, चुकीची मुभा मायक्रॉनमध्ये सांगितलेली असते आणि हजारावा भाग पहिल्यासारखाच निघणे हेच यश मानले जाते. डेव्हिड पाय ह्याने 'द नेचर अँड आर्ट ऑफ वर्कमनशिप' (१९६८) ह्या पुस्तकात ह्याला खात्रीची कारागिरी म्हटले आणि जिच्यात प्रत्येक क्षणी काम बिघडण्याची शक्यता असते तिला जोखमीची कारागिरी म्हटले. हाताने कातलेले पात्र दुसऱ्या प्रकारात मोडते.

जोखीम येथे केवळ हात घसरण्याची नसते. लाकूड स्वतः उत्तर देत असते. ओल्या लाकडाचे पात्र प्रथम जाड भिंतीचे कातून महिनोनमहिने वाळू दिले जाते. वर्षवलयांना समांतर दिशेने लाकूड जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते त्रिज्येच्या दिशेने आकसते. त्यामुळे गोल कातलेले पात्र वाळल्यावर लंबगोल होते आणि ते दुसऱ्यांदा कातावे लागते. पहिल्या वेळचा संकल्प दुसऱ्या वेळी जसाच्या तसा उपलब्ध नसतो. उरलेल्या जाडीत बसेल असाच आकार शोधावा लागतो. तेव्हा परिष्करण म्हणजे मनातील पूर्णाकृतीकडे क्रमाक्रमाने सरकणे नव्हे. घटत्या शक्यतांमध्ये केलेली निवड होय. कॉलिंगवुडचा भेद ह्या ठिकाणी अपुरा पडतो.

पोकळीविषयीचे तत्त्वचिंतन बहुधा मातीच्या घटाच्या आधाराने झाले आहे. वेदान्तातील घटाकाशाचा दृष्टान्त घट फुटला तरी आकाश अबाधित राहते, हे सांगतो. मार्टिन हायडेगर ह्याने 'वस्तू' ह्या १९५० मधील व्याख्यानात सुरईचे सुरईपण तिच्या रितेपणात पाहिले. कुंभार माती नव्हे, तर रितेपण घडवितो, असा त्याचा आशय होता. लाकडी पात्राला हे विवेचन अर्धेच लागू पडते. चाकावरची माती मोडून पुन्हा गोळा करता येतो आणि कुंभाराची पोकळी माती न गमावता निर्माण होते. कातलेल्या पात्राची पोकळी मात्र एके काळी लाकूडच होती. ती ढलप्या होऊन जमिनीवर पडलेली असते. येथे रितेपण ही आयती लाभलेली गोष्ट नाही, ती मोजलेली किंमत आहे. जबाबदारीची कल्पना येथूनच सुरू होते.

ही जबाबदारी सर्वांत तीव्र होते ती आतल्या भिंतीपाशी. अरुंद तोंडातून हत्यार आत घालून पोकळी कोरताना धार कोठे चालली आहे हे दिसत नाही. भिंत किती उरली हे हाताला जाणवणारे कंपन आणि बदलता आवाज ह्यांवरून ओळखावे लागते. पात्र पुरे झाल्यावर ग्राहकालाही ती भिंत दिसत नाही. बाहेरून निमुळते झालेले बूड आत ओबडधोबड आणि जाड राहिले, तर तो अप्रामाणिकपणा ठरेल काय? एक उत्तर असे की, जाड आणि पातळ भाग वेगवेगळ्या गतीने वाळतात, त्यामुळे असे पात्र पुढे तडकते आणि खोटेपणा उघडा पडतो. परंतु हे उत्तर फार सोयीचे आहे. सुकलेल्या लाकडाचे पात्र कदाचित कधीच तडकणार नाही.

शिवाय जाडी हा स्वतः दोष नव्हे. तबल्याच्या दायाचे लाकडी खोड तळापर्यंत पोखरलेले नसते. खालचा भाग भरीव ठेवलेला असतो आणि त्या वजनाने दाया स्थिर राहतो. शिरूर, दौंड ह्या भाकरीच्या प्रदेशात पीठ मळण्यासाठी वापरली जाणारी लाकडी काठवट तळहाताचा जोर सोसण्यासाठी जाड बुडाचीच हवी. ह्या वस्तूंना कोणी अप्रामाणिक म्हणणार नाही. म्हणून कसोटी पातळपणाची नसून उत्तरदायित्वाची आहे : आतला आकार पात्राच्या कार्याला आणि बाहेरच्या आकाराने दिलेल्या आश्वासनाला जबाब देतो की नाही? काठवटीचे बाह्यरूप हलकेपणाचे आश्वासन देत नाही. म्हणून तिचे वजन खोटे नाही. करंड्याचे आवळलेले बूड ते आश्वासन देते. म्हणून त्याच्या आतील हयगय, कोणी पाहो वा न पाहो, हयगयच राहते. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) मध्ये सौंदर्यसंकल्पनेचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे जे दोन ध्रुव मानले, त्यांच्या दरम्यान ही कसोटी उभी राहते. केवळ उपयुक्ततेने ती संपत नाही आणि उपयुक्तता वगळून ती सांगताही येत नाही.

आता समीक्षेकडे वळता येईल. 'कातीव' आणि 'घोटीव' ही विशेषणे मराठीत जवळजवळ समानार्थी झाली आहेत, हा पहिला घोटाळा. लाखकामात फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते आणि मग ती घोटून चमकविली जाते. घोटण्याने पृष्ठभाग उजळतो, वक्ररेषा सुधारत नाही; उलट चकाकीमुळे तिच्यातील दोष अधिक स्पष्ट होतात. भाषेचा तकतकीतपणा पाहून रचनेला कातीव म्हणणारी समीक्षा ह्या दोन क्रियांतील अंतर पुसून टाकते.

दुसरा घोटाळा अधिक गंभीर आहे. नामदेव ढसाळ ह्यांचा 'गोलपिठा' (१९७२) आणि दया पवार ह्यांचे 'बलुतं' (१९७८) ह्यांच्यानंतर दलित साहित्याविषयी जी चर्चा झाली, तीत अनघडपणाचा आक्षेप वारंवार डोकावला. त्याच्या मुळाशी असे गृहीतक होते की, पातळ भिंतीचे पात्र हेच पात्राचे शुद्ध रूप होय. काठवटीला करंड्याच्या मापाने मोजण्याचाच हा प्रकार होता. शरणकुमार लिंबाळे ह्यांनी १९९६ मध्ये 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' मांडले, त्यामागील निकड ह्या दृष्टीने समजून घेता येते. मात्र ह्याचा अर्थ अशा लेखनाला कोणतीच कसोटी लावू नये असाही नव्हे. काठवटही नीट वा वाईट घडविलेली असू शकते. तिला तिच्या कार्याचा जाब विचारता येतो आणि तो विचारला जाणे हाच तिचा सन्मान आहे. सवलत देणारी समीक्षा आणि एकाच मापाने नाकारणारी समीक्षा, दोन्ही पात्राच्या आत पाहण्याचे टाळतात.

लेखनाला एक मुभा आहे जी लाकडाला नाही : खोडलेली ओळ कच्च्या खर्ड्यातून परत आणता येते. म्हणून कातण्याचे रूपक साहित्याला पूर्णपणे लागू होत नाही. परंतु संपादकाने परक्या बोलीतला शब्द 'प्रमाण' करताना, किंवा समीक्षकाने एखाद्या अनुभवाची जाडी फाजील ठरविताना, ती मुभा बहुधा मूळ लेखकाच्या हाती उरत नाही. अशा वेळी आणखी एक फेरा घ्यावा की धार उचलावी, हा निर्णय केवळ रसिकतेचा राहत नाही. जे काढले जाणार आहे ते कोणाचे आहे, ह्याचे उत्तर हाती असल्याशिवाय तो घेता येत नाही.