दोन गुणांचा सायबर कायदा

ऑल इंडिया बार एक्झामिनेशनच्या शंभर प्रश्नांत सायबर कायद्याच्या वाट्याला येतात दोन. राज्यघटनेला दहा, पुराव्याच्या कायद्याला आठ. चुकलेल्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तेव्हा ‘सायबर ऑप्शनला टाक’ म्हणणाऱ्या सीनियरचा हिशेब चुकलेला नसतो. माझी तक्रार आहे ती हे दोन प्रश्न सोडवायचेच, असं ठरवणाऱ्यांच्या तयारीबद्दल.

ती तयारी म्हणजे आकड्यांचं पाठांतर. 66सी म्हणजे दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल सही वापरणं, 66डी म्हणजे तोतयेगिरी करून फसवणं, 66एफ म्हणजे सायबर दहशतवाद. वास्तविक टीपा नसलेला बेअर ॲक्ट परीक्षेला नेता येतो. पुस्तक समोर असताना आकडा कशाला घोकायचा? मुलं अडतात ती पुस्तक उघडं असूनही. नोकरी सोडताना कंपनीच्या ग्राहकांची यादी पेन ड्राइव्हवर उतरवून नेणारा कर्मचारी घ्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 खाली तो नुकसानभरपाई द्यायला जबाबदार ठरतो. तीच कृती अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केली असेल तर कलम 66 लागतं आणि तीन वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. कृती एकच, फरक हेतूचा. तो हेतू कशावरून दाखवायचा, याचं उत्तर गाईडात नसतं.

नुसतं छापील कलम वाचूनही भागत नाही. 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली, त्यातून 66ए विरुद्ध याचिका उभी राहिली आणि 2015 मध्ये श्रेया सिंघल खटल्यात ते कलम घटनाबाह्य ठरलं. तरी पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवतच राहिले. शेवटी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावे लागले. खाकीतल्यांना हसायचं कारण नाही, जुनी गाईडं वकीलही वाचतात.

पण मला विचाराल तर सायबर कायद्याचा खरा धडा जालन्यात आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं असं की खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातलं चित्रीकरण होतं, त्याच्या सीडीही होत्या. नव्हतं ते पुरावा कायद्याच्या 65बी खालचं प्रमाणपत्र. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नाही. उच्च न्यायालयाने अधिकाऱ्यांच्या साक्षीवर भागवून निवडणूक रद्द केली. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम ठेवला, पण कायदा स्पष्ट केला: मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी, प्रतीला मात्र प्रमाणपत्र हवंच, आणि ते कुणी देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून मागवून घ्यावं.

हा शेवटचा भाग मला मोलाचा वाटतो, कारण तिथे वकिलाने काय करायचं ते सांगितलंय. 1 जुलै 2024 पासून 65बी ची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 ने घेतली. आता प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीत आहे, त्यात हॅश व्हॅल्यू नोंदवावी लागते आणि तज्ज्ञाचीही सही लागते. घटस्फोटापासून उसनवारीच्या दाव्यापर्यंत कोणताही अशील आज आधी मोबाइल पुढे करतो. त्या व्हॉट्सॲप स्क्रीनशॉटचं काय करायचं, हे ज्याला कळत नाही त्याचं दिवाणी, फौजदारी, कौटुंबिक असं सगळंच काम अडतं.

प्रश्नपत्रिकेच्या तक्त्यात मात्र हे सायबरखाली येतच नाही, पुराव्याच्या आठ गुणांत जातं. म्हणजे सायबर ऑप्शनला टाकणारा त्या आठांतलेही काही सोडून येतो. प्रश्न काढणाऱ्यांनी कलमाचा आकडा विचारणं थांबवून सीडी, तिचा मालक आणि गैरहजर प्रमाणपत्र एवढा मजकूर देऊन ‘पुढचा अर्ज कोणता?’ असं विचारलं, तर दोन गुणही पुरेसे आहेत.