जाणत्याचे मौन

दिवसभराची नोकरी आटोपून, मुलांच्या रात्रीच्या जेवणाची तजवीज करून, अमेरिकेतील एखाद्या कम्युनिटी कॉलेजच्या सायंवर्गात येऊन बसणारी प्रौढ विद्यार्थिनी जेव्हा पॅरालीगलचे, म्हणजे वकिलाच्या विधिसाहाय्यकाचे, शिक्षण घेऊ लागते, तेव्हा कायद्याने काय सांगितले आहे हे शिकण्याच्या आधीच आपण काय सांगावयाचे नाही, हे तिला शिकावे लागते. दावा स्वीकारावयाचा नाही. फी ठरवावयाची नाही. काही सरकारी खात्यांपुढील सुनावण्यांचा अपवाद सोडला तर न्यायासनापुढे पक्षकाराची बाजू मांडण्यास उभे राहावयाचे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कायद्याचा सल्ला द्यावयाचा नाही. समजा, घरमालकाच्या नोटिशीने धास्तावलेली एखादी अशील वकिलाच्या कचेरीत दूरध्वनी करून विचारते, "बाई, या कागदावर मी सही करू का?" साहाय्यिकेने ती सारी मिसल वाचलेली आहे, त्यातील प्रत्येक दस्तऐवजाला तिनेच क्रमांक दिलेला आहे, सही केल्यास काय गमावले जाईल हेही तिला स्वच्छ दिसत आहे, तथापि "वकीलसाहेबांना विचारून कळवते" यापलीकडे बोलण्याची तिला मुभा नाही. विचारणारा व्याकुळ झालेला असता जाणणाऱ्याने मौन धरावे, हा धर्म की धर्मलोप? वरवर पाहता ही कचेरीच्या शिस्तीची बाब वाटते. वस्तुतः ज्ञान आणि अधिकार यांच्या परस्परसंबंधाचा हा अतिशय पुरातन प्रश्न आहे.

ज्या व्यवसायामुळे तो आज नव्याने उभा राहतो, त्याचे वय मात्र फार नाही. इलिनॉय संस्थानातील जोलिएट येथे १९०१ साली स्थापन झालेले महाविद्यालय हे कम्युनिटी कॉलेज या प्रकारच्या लोकसुलभ विद्यालयांपैकी सर्वांत जुने समजले जाते. पण वकिलांच्या सनद नसलेल्या साहाय्यकांचा विचार करण्यासाठी अमेरिकन बार असोसिएशनने समिती नेमली ती १९६८ साली, आणि त्यांच्या शिक्षणक्रमांसाठी नियम घालून दिले ते १९७३ साली. या संस्थेची मान्यता हवी असलेल्या अभ्यासक्रमात निदान ६० श्रेयांक, आणि त्यांपैकी निदान १८ प्रत्यक्ष कायद्याच्या विषयांचे, असावे लागतात. त्यांत जे शिकवले जाते ते दिसावयास रूक्ष, पण मनाला एका विलक्षण सावधपणाची सवय लावणारे असते. एखादा निवाडा आधारासाठी पुढे करण्यापूर्वी तो आजही प्रमाण आहे की नंतरच्या एखाद्या निवाड्याने निष्प्रभ झाला आहे, हे ताडून पाहावे लागते. फ्रँक शेपर्ड नावाच्या गृहस्थाने १८७३ साली या कामासाठी सूची छापण्यास आरंभ केला, आणि त्याच्या आडनावाचेच पुढे इंग्रजीत क्रियापद होऊन बसले. संघीय न्यायालयात समन्स बजावल्यावर प्रतिवादीला कैफियत देण्यास सामान्यतः २१ दिवसांची मुदत असते. ती मोजताना बजावणीचा दिवस वगळावयाचा, मधले शनिवार-रविवार धरावयाचे, आणि अखेरचा दिवस सुटीचा आला तर मुदत पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत न्यावयाची. या मोजणीत एका दिवसाची कसूर झाली, तर खऱ्या बाजूच्या माणसाचाही दावा हातचा जाऊ शकतो.

अशा कामाला आपल्या परंपरेत एक अतिशय समर्पक नाव आहे. मीमांसकांनी यज्ञातील कर्मांचा विचार करताना शेष आणि शेषी असा भेद केला, आणि जे दुसऱ्यासाठी असते ते शेष, असे त्याचे लक्षण ठरवले. पुरोडाशासाठी, म्हणजे यज्ञात अर्पावयाच्या भाकरीसाठी, भात कांडणे हे यज्ञाचे अंग आहे. त्याला स्वतंत्र फल नाही. परंतु न कांडलेल्या भाताचा पुरोडाश होत नाही, आणि पुरोडाशावाचून याग सिद्ध होत नाही. परार्थता ही येथे हीनता मानलेली नाही. संपूर्ण कर्माच्या रचनेतील ते एक स्थान आहे. पन्नास साक्षीदारांच्या जबान्यांचा गोषवारा रात्री जागून काढणाऱ्या आणि निकालपत्रात जिचे नावही येत नाही अशा साहाय्यिकेचे श्रम याच जातीचे आहेत.

याहून बोलका दृष्टांत ब्रह्मा या ऋत्विजाचा आहे. होता ऋचा म्हणतो, उद्गाता साम गातो, अध्वर्यू हातांनी कर्म करतो. ब्रह्मा मात्र वेदीच्या दक्षिणेस बहुतेक वेळ मौन धरून बसतो, आणि तिन्ही वेदांचे ज्ञान अपेक्षित असते ते नेमके त्याच्याकडून. त्याचे मौन अज्ञानाचे नसते, कारण इतरांच्या हातून काही चुकले तर ते ओळखून प्रायश्चित्ताने सांधण्याचा भार त्याच्यावर असतो. म्हणजे हे मौन सर्वथा मुके नाही. जेथे कर्म बिघडते तेथे ते मोडणे हेच त्याचे कर्तव्य. मुदत चुकीची मोजली गेली आहे, किंवा साक्षीदाराचे आजचे म्हणणे त्याच्या मागील जबानीशी विसंगत आहे, हे दिसूनही जी साहाय्यिका वकिलापुढे भिडेपोटी गप्प राहील, तिने मर्यादा पाळली असे म्हणता येणार नाही. तिने आपले स्थानच सोडले असे म्हणावे लागेल.

मर्यादेच्या बाजूचा युक्तिवाद सबळ आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. सनद म्हणजे केवळ मान नव्हे; सनद म्हणजे जाब देण्याची तयारी. वकिलाचा सल्ला चुकला तर त्याला जाब विचारता येतो, प्रसंगी त्याची सनद काढून घेता येते, आणि साहाय्यकाच्या वर्तनावर योग्य देखरेख न ठेवल्याबद्दलही तोच जबाबदार धरला जातो. ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचे घर, मूल किंवा स्वातंत्र्य अवलंबून आहे, त्याचा शब्द असा बांधलेला असावा, यात अन्याय नाही. या अर्थाने अधिकार हे उत्तरदायित्वाचेच दुसरे नाव ठरते.

परंतु मराठी माणसाला हा शब्द एवढ्यावर सोडता येत नाही. ज्या जैमिनीच्या मीमांसासूत्रांनी परार्थ कर्माची प्रतिष्ठा इतक्या सूक्ष्मपणे मांडली, त्याच सूत्रांत यज्ञाचा अधिकार कोणाला हा प्रश्न आला, तेव्हा तो सर्वांना आहे असे म्हणणाऱ्या बादरी या आचार्याचे मत नोंदवून खोडून काढले गेले, आणि शूद्राला दाराबाहेर ठेवले गेले. पुढे कित्येक शतकांनी चोखोबांसारखा ज्ञाता भक्त पंढरीच्या महाद्वाराबाहेरच राहिला, आणि त्यांची समाधीही त्या द्वारासमोरच आहे. तेथे ज्ञान उणे नव्हते, भक्ती उणी नव्हती. उणा होता तो दुसऱ्यांनी द्यावयाचा अधिकार. म्हणून अधिकाराची भिंत दिसली की ती कोणाच्या रक्षणासाठी उभी आहे, हे विचारणे आपले ऋण आहे.

फ्लोरिडात हा प्रश्न फार तीव्रपणे उपस्थित झाला. जॅक्सनव्हिलच्या रोझमेरी फर्मन या बाई वकिलाची फी न परवडणाऱ्या लोकांना घटस्फोटादी प्रकरणांचे अर्ज भरून देत. १९७९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मनाई केली. त्यांच्या गिऱ्हाइकांचे काही नुकसान झाले, असे तक्रारदार वकील-संघटनेचेही म्हणणे नव्हते. मनाई मोडल्याबद्दल १९८४ साली फर्मनबाईंना ३० दिवसांच्या कैदेची शिक्षा झाली, आणि ती भोगावी लागण्यापूर्वी गव्हर्नरांनी दयेचा अधिकार वापरून ती टाळली. कायद्याला जे करता आले नाही ते दयेला करावे लागले, यातच त्या कायद्याची उणीव दिसून येते. लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनच्या २०२२ सालच्या अहवालानुसार अमेरिकेतील अल्पउत्पन्न लोकांच्या दिवाणी स्वरूपाच्या महत्त्वाच्या अडचणींपैकी ९२ टक्के अडचणींत त्यांना कायद्याचे साहाय्य मुळीच मिळत नाही किंवा पुरेसे मिळत नाही. "वकिलांना विचारा" हे उत्तर ज्याला वकीलच नाही त्याच्या कानी पडते, तेव्हा ते उत्तर राहत नाही, तो नकार होतो. ॲरिझोना संस्थानाने २०२१ पासून परीक्षा घेऊन व परवाना देऊन बिगरवकिलांना काही मर्यादित प्रकरणांत सल्ला देण्याची व न्यायालयात उभे राहण्याचीही मुभा दिली, ती ही कोंडी ओळखूनच. आणि त्यांनाही जाब विचारण्याची व्यवस्था ठेवली, हे विशेष.

म्हणून माझ्या मते निर्णय असा होतो. जाणत्याचे मौन धर्म्य ठरते ते दोन अटींवर: त्याच्या पलीकडे बोलणारा कोणीतरी खरोखर असला पाहिजे, आणि विचारणाऱ्याचा प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. पहिली अट पुरी करणे हे राज्याचे व समाजाचे काम आहे; ती जेथे पुरी होत नाही तेथे मर्यादेचा दंडा उगारण्यापूर्वी समाजाने अधिकाराचे दार रुंद केले पाहिजे. दुसरी अट मात्र त्या सायंवर्गात बसलेल्या विद्यार्थिनीच्याच हाती आहे. सल्ला देण्याचा मोह आवरणे तिला नियमांच्या पुस्तकातून शिकता येईल. पण न दिलेल्या सल्ल्याची काळजी वाहणे हे तिला स्वतःच्या अंतःकरणातूनच शिकावे लागेल.

दूरध्वनी खाली ठेवल्यावर ती काय करते, यावर सारे अवलंबून आहे. अशिलेचे म्हणणे तिच्याच शब्दांत, भर न घालता, काटछाट न करता ती लिहून घेते. नोटीस कोणत्या तारखेला हाती पडली हे पुन्हा पडताळते. पहिला दिवस वगळून उरलेले दिवस बोटांवर मोजते. आणि तो कागद त्याच संध्याकाळी वकिलाच्या मेजावर, नजर चुकणार नाही अशा जागी ठेवून, उत्तर मिळेपर्यंत तेथून हलत नाही. तिच्या तोंडून सल्ल्याचा एक शब्दही गेलेला नाही. पण विचारणाऱ्या बाईला सही करण्यापूर्वी उत्तर मिळाले आहे.