गारांचा फोटो कोणासाठी?

हिवाळ्याच्या तोंडावर नदी गोठते ती थंड देशांत. काठाला बर्फाचा पापुद्रा धरतो, रोज थोडा आत सरकतो; फोटो काढणाऱ्याला हवा तेवढा वेळ मिळतो आणि कुणाचं काही बुडत नाही. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठतं, त्याचे फोटो हिवाळ्यात छापून येतात. उदगीरच्या बाजूला तेवढंही होत नाही. इथे बर्फ आभाळातून येतो, तोही हरभरा, गहू, करडई काढणीला आल्यावर. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यात अशीच गारपीट झाली. पांढऱ्या पडलेल्या शिवाराला काश्मीर म्हणायची बातम्यांत सवयच आहे. असा फोटो काढावा का? माझ्या मते काढावा, आणि लगेच काढावा, कारण गार टिकत नाही. शिवाय ती खरोखर सुंदर असते. मोठी गार मधोमध कापली तर कांद्यासारखे थर दिसतात: पाणी सावकाश गोठलं तिथे काचेसारखा पारदर्शक, झटकन गोठून हवा अडकली तिथे दुधाळ. पीक झोडपलं म्हणून हे थर खोटे ठरत नाहीत.

यावर विरोधकाचं म्हणणं धारदार आहे. “गार वितळली तरी आडवं पडलेलं पीक शेतातच असतं. साक्षीला ते पुरेसं आहे. बर्फाचा फोटो ज्याचं काही गेलं नाही त्याच्यासाठी असतो. बांधावर उभा असलेला माणूस त्या वेळी गारांकडे बघतच नाही.” ‘पाहणाऱ्याची नजरही महत्त्वाची’ असलं उत्तर इथे टिकणार नाही. शेतकऱ्याच्या उपयोगाचं काही दाखवता आलं पाहिजे. ते दाखवता येतं. हरभरा वाळत आला की घाटे आपोआपही गळतात, आणि वाऱ्यानेही गहू लोळतो. तीन दिवसांच्या उन्हानंतर तेच शेत पाहिलं तर नुकसान कशानं झालं हे ठामपणे सांगणं अवघड होतं. 2016 साली आलेल्या पंतप्रधान पीकविमा योजनेत स्थानिक आपत्तीची सूचना 72 तासांत देण्याची अट होती आणि गारपीट त्या आपत्तींत मोडत होती. फुटलेला घाटा आणि त्याला लागून पडलेली गार एकाच फोटोत असेल तर कारण आणि परिणाम दोन्ही एकत्र दिसतात. हे काम आडव्या पिकाच्या एकट्या फोटोने होत नाही.

“मग घाट्याचाच फोटो काढा ना,” तो म्हणतो. “क्षितिजापर्यंतच्या पांढऱ्या शिवाराचा कशाला? त्यात ना पीक ओळखू येत, ना कुणाचं शेत.” इथे त्याचं बरंचसं खरं आहे. 2015 पासून 33 टक्के नुकसान झालं तरी मदत मिळण्याची तरतूद झाली. त्याआधी ही अट 50 टक्क्यांची होती. पांढऱ्या शिवाराच्या फोटोवरून 33 आणि 80 यांतला फरक कळत नाही. तो मोजायला तलाठी आणि कृषी सहायक यांनाच बांधावर यावं लागतं. तरीही तो दूरचा फोटो मी टाकून देणार नाही. घाट्याचा फोटो एका शेताचा. गारपिटीचा पट्टा किती गावांवरून गेला याचा अंदाज दूरच्या फोटोंवरूनच येतो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या माणसाला बाहेर पडायला तो अंदाज पुरतो. मात्र गाव आणि वेळ लिहिलेली नसेल तर त्याचा हाही उपयोग उरत नाही. मग विरोधकाचा पहिला आक्षेप जसाच्या तसा उभा राहतो आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही.

आणखी एक गोष्ट विरोधक आणि मी, आम्ही दोघंही न बोलता धरून चाललो आहोत: फोटो काढायला शेतात शिरणाऱ्याने आधी शेतमालकाला विचारलेलं असतं. तसं बहुधा होत नाही.

संपादकांना एवढीच विनंती. गारपिटीचा फोटो छापा, मोठा छापा. त्याखाली काश्मीर लिहू नका. गावाचं नाव, पिकाचं नाव आणि तारीख लिहा.