जामीनदार

बँकेत बावीस वर्षं खुर्ची झिजवून मी एकच शहाणपण कमावलं. कुणालाही जामीन राहू नये. सख्ख्या भावाला नाही, मेव्हण्याला तर नाहीच नाही. जामीनदाराची सही घेताना मी नेहमी विचारतो, "वाचलंत ना? त्यानं नाही भरलं तर तुम्हाला भरावं लागेल." तो न वाचता सही करतो आणि माझ्याकडे असं बघतो, जणू कर्जदाराला पळून जायची कल्पना मीच सुचवतोय.

असा मी, पण एकदा जामीन राहिलो. तोसुद्धा एका परदेशी कंपनीला!

त्याचं असं झालं. आमचे काका तुडीलला असतात. दहाबारा वर्षांपूर्वी त्यांना 'फोटो येणारा फोन' हवा होता, कारण लेक दुबईला आणि नात तिकडेच जन्मलेली. महाडच्या दुकानात दोन फोन पुढ्यात आले. काकांनी दुकानदाराला काही विचारलं नाही, मला विचारलं. "तू बँकेत आहेस. ही कंपनी टिकेल ना?" बँकेतल्या माणसाला जगातल्या यच्चयावत कंपन्यांची अंदरकी बात ठाऊक असते, असा आमच्या घराण्याचा समज आहे. मी तो कधी खोडून काढला नाही. आदल्याच रविवारी पेपरात वाचलं होतं, की अमुक कंपनी आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमशी 'पूर्णपणे वचनबद्ध' आहे. मी छाती काढून म्हणालो, "डोळे मिटून घ्या काका. कंपनी वचनबद्ध आहे."

कंपनीचं नाव सांगत नाही. गिऱ्हाइकाची गुपितं न फोडण्याची सवय हाडीमाशी खिळली आहे.

चारपाच वर्षांत ती सिस्टिम कंपनीनं सोडून दिली. फोन धडधाकट, काचेला चरासुद्धा नाही, पण नातीचे फोटो यायचे बंद. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे फोनचा घरमालक. त्यानं बिऱ्हाड हलवलं की वरच्या भाडेकरूंनाही एकेक करून जावं लागतं. मी तुडीलला गेलो तेव्हा काका पडवीत बसून फोन पुसत होते. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "गिरणीवालेपण असंच म्हणायचे रे."

काका मुंबईला गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप झाला आणि 'सुरू होणार, सुरू होणार' ऐकत त्यांनी किती दिवाळ्या काढल्या, ते मी लहानपणी ऐकलेलं आहे. गिरणीचं ओळखपत्र अजून ट्रंकेत आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. डास होते हे खरं, पण नुसते डास नव्हते.

मग मी वाचायला लागलो. काकांची कंपनी राहू द्या बाजूला, या धंद्यातला जगजाहीर दाखला मायक्रोसॉफ्टचा. २०१० साली तिनं विंडोज फोन आणला, २०११ मध्ये नोकियाशी सोयरीक केली. २०१२ च्या जूनमध्ये नवी आवृत्ती जाहीर झाली आणि सोबत कळलं, की आधीच्या फोनांवर ती चालणार नाही. त्यात नोकियाचा लुमिया ९०० हा फोन अमेरिकेत येऊन अडीच महिनेही झाले नव्हते! २०१४ मध्ये तर नोकियाचा फोनधंदाच विकत घेतला. पुढच्याच वर्षी, ८ जुलै २०१५ रोजी, त्यापायी सुमारे ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकले आणि ७,८०० पर्यंत माणसं कमी करायची ठरवली. हे कळवणारं पत्र प्रमुख सत्या नडेला यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलं. गंमत पाहा, आपण आपल्या फोनांशी वचनबद्ध आहोत, हेही त्याच पत्रात होतं! २०२० च्या जानेवारीत उरलासुरला आधारही संपला.

आता नडेलांना खोटारडे म्हणावं का? नोकियाच्या खरेदीला आपला विरोध होता, असं त्यांनी पुढे स्वतःच लिहिलं आहे. वचन आधीच्या बाल्मरसाहेबांचं, निस्तरायची पाळी यांची. आमच्याकडे मॅनेजर तीन वर्षांत बदलतो, पण जुन्या मॅनेजरनं मंजूर केलेलं कर्ज नव्याला नाकारता येत नाही. कारण कागदावर रक्कम असते, तारीख असते, कोण कुणाला देणार ते असतं. 'वचनबद्ध आहोत' या वाक्यात यातलं काय आहे? हा चेक माझ्या खिडकीवर आला असता तर मी तो तीन कारणांनी परत पाठवला असता.

बरं, कंपनीनं तोट्यात काय म्हणून राहावं? गिऱ्हाईक नाही म्हणून ॲपवाले येत नव्हते, ॲप नाहीत म्हणून गिऱ्हाईक येत नव्हतं. वाण्यानंही दुकान बंद केलं तर आपण त्याला शिव्या देत नाही. पण फळ्या लावता लावता तो "उद्या ताजा माल येतोय, आगाऊ पैसे ठेवून जा" म्हणाला तर? मला डाचलं ते एवढंच. आणि माझ्या बाबतीत ते वाक्य वाण्यानं कुठे म्हटलं होतं? काका माझ्या तोंडाकडे बघत होते. कंपनीला ते ओळखतही नव्हते.

बी.कॉम.ला रट्टा मारलेला १८७२ चा करार कायदा मी पुन्हा काढला. कलम १२६, हमी तोंडीसुद्धा चालते. मेलो! कलम १२७, मूळ देणेकऱ्याचा फायदा झाला, तर तोच जामीनदाराला मोबदला ठरू शकतो. कंपनीचा फोन खपला होताच. कलम १२८, वेगळं ठरलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी देणेकऱ्याइतकीच.

मी नवा फोन घेतला. बायको म्हणाली, "कर्ज कंपनीचं आणि भरायचं आपण?"

"कलम एकशेअठ्ठावीस," मी म्हणालो. तिनं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेला कायद्यात कलम नाही.

पुढच्या रविवारी तुडीलला गेलो. आंब्याखाली रेंज येते, तिथे उभं राहून नातीचा चेहरा दिसला. दोन दात पडलेले. काका बराच वेळ त्या चौकोनाशी बोलत होते. मग पडवीत आले, चष्मा काढला, फोन उलटा करून मागचं नाव वाचलं आणि मला विचारलं, "हीसुद्धा टिकेल ना रे?"

मी घाईघाईनं चहाची बशी तोंडाला लावली. तेवढ्यात काकू आतून ओरडली, "त्याला नका विचारू हो! त्याला अजून पोराचं शिक्षण करायचंय."