ताटी उघडल्यानंतर

ज्येष्ठात मुक्ताईनगरहून आदिशक्ती मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते. विदर्भ, मराठवाडा ओलांडत जवळजवळ महिनाभराची पायपीट असते. निघताना बाया मुक्ताईपुढे हात जोडून गुडघ्यांना बळ मागतात. हे मागणे रास्तच आहे. पण मुक्ताईने आपल्या भावाला जे बळ दिले, ते गुडघ्यांचे नव्हते.

संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकलेली ती चार भावंडे. एके दिवशी ज्ञानदेवांना कुणीतरी लागेलसे बोलले आणि ते झोपडीची ताटी लावून आत बसले. बाहेर उभी राहिली चार वर्षांनी धाकटी बहीण. तिने तिथे म्हटलेले ताटीचे अभंग आपल्याला पाठ असतात, म्हणूनच कदाचित त्यांतला कठोरपणा ऐकू येत नाही. लोकांना नावे ठेवून मुक्ताई भावाला बरे वाटू देत नाही. जग संतापणार हे ती धरूनच चालते. संत म्हणवायचे तर ते सोसायला हवे, असे बजावते. आजची एखादी बहीण म्हणाली असती, 'जाऊ दे दादा, तुझी किंमतच नाही त्यांना.' तेवढ्याने दादा कायमचा आत राहिला असता.

सेवा करणारा माणूस कष्टाने थकतो असे आपण समजतो. मला तसे वाटत नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूसाठी सून रात्री दोनदा उठते, तिचे काही अडत नाही. पण दोन दिवसांसाठी आलेली नणंद 'आईची चादर मळकी कशी?' एवढेच विचारते आणि सुनेचे हातपाय गळतात. दवाखान्यातली नर्स, अंगणवाडीताई, गावासाठी पदरमोड करणारा कार्यकर्ता, सगळ्यांचे तेच. देवाकडे मागायचेच असेल तर बोल लागल्यावरही उद्या पुन्हा त्याच कामाला जाता येईल, एवढे मागावे. या मागण्यापुढे गुडघ्यांचे मागणे फारच सोपे.

आणि नुसती शक्ती काय करते, त्याचे उत्तरही मुक्ताईनगरच्या शेजारीच आहे. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे देऊळ आहे. कथा सांगते की योगबळाने हा पुरुष चौदाशे वर्षे जगला. मरण आले की परतवून लावायचा. वाघावर बसायचा, सापाचा चाबूक करायचा. इतकी तपश्चर्या, आणि ती खर्ची पडली कशात? स्वतःला वाचवण्यात! ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला तर मायनाच सुचेना. वडील म्हणावे की धाकटे? कोरा कागद गेला. त्या कोऱ्या कागदावरून मुक्ताईने त्याची जी फिरकी घेतली, ती खानदेशात अजून हसत सांगितली जाते. पुढे हाच सिद्धपुरुष त्या कोवळ्या मुलीचा शिष्य झाला. एवढे वय झाल्यावर लहानाकडून शिकणे, ही मात्र त्याची खरी सिद्धी म्हणायला हवी.

ज्ञानदेवही योगीच होते. तरीही त्या दिवशी त्यांचे योगबळ झोपडीच्या आत उपयोगी पडले नाही. देवाने धीर धाडला तो ताटीबाहेरून, घरातल्या सर्वांत धाकट्या माणसाच्या तोंडी. आपण मात्र धीर देण्याचे काम कीर्तनकारावर सोडून देतो आणि घरातला माणूस दार लावून बसला तर 'राहू दे, येईल आपणहून' म्हणतो.

ताटी उघडली. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली. तिच्या शेवटी पसायदान आहे. सज्जनांची संगत, सर्वांचे सुख ही मागणी त्यात पुढे येते. देवाला आपली सेवा रुजू होवो, असे म्हटल्यावर ज्ञानदेवांना सगळ्यांत आधी आठवले ते खळ. आणि त्यांच्यासाठी मागितले ते एवढेच, की त्यांच्यातला वाकडेपणा गळून जावा आणि त्यांना चांगल्या कामाची गोडी लागावी.