न भरणारी जखम

नाशिक हे नावच एका जखमेतून आले, असे लोकपरंपरा सांगते. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेची नासिका छेदली, म्हणून नाशिक. कपाळावरची भळभळती जखम घेऊन दारोदार तेल मागणारा अश्वत्थामाही आपल्या परिचयाचा. दोन्ही कथांत जखम हे कृतकर्माचे फळ आहे. म्हणूनच की काय, मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर एखाद्याची जखम भरून येईना, की आपण नकळत विचारतो : चुकले कोणाचे?

वास्तविक मेंदूची सूज उतरवणारी स्टेरॉइडे आणि गाठीला आवर घालणारे किरणोपचार हेच जखम भरण्यास विलंब लावू शकतात. जे प्राण राखते, तेच कातडीचे सांधणे मंदावते. मधुमेह, कुपोषण, त्याच जागी पुन्हा करावी लागलेली शस्त्रक्रिया हीही कारणे असतात, तंबाखूही असते. ती सोडावयास अवश्य सांगावे. पण उपचारास साह्य म्हणून, आरोप म्हणून नव्हे. आरोपाच्या भयाने रुग्ण जखम रुमालाखाली झाकतो, आणि येथे झाकणे जिवावर बेतू शकते. कारण जंतुसंसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो. टाका उसवला, पू आला, पाण्यासारखा स्राव झिरपला वा ताप आला, तर त्याच दिवशी शल्यविशारदास दाखवावे. घरची हळद वा तेल लावू नये.

पुढचा क्रम दीर्घ असतो : स्रावाची तपासणी, प्रतिजैविके, निर्जीव भाग काढणे, प्रसंगी दूषित झालेला कवटीचा तुकडा काढून काही महिन्यांनी तेथे नवे आच्छादन बसवणे. कधी शेजारची निरोगी त्वचा फिरवून जखमेवर आणतात. कावसजी या गाडीवानाचे कापलेले नाक पुण्याकडील एका देशी शल्यकाराने कपाळाच्या त्वचेतून घडवल्याचा वृत्तांत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आला, तत्त्व हेच. त्वचेची एक कड मूळ जागी जोडलेली राखतात. तिच्यातून रक्त वाहते, म्हणून ती नव्या जागी जगते.

आजारी माणसाचेही असेच नाही काय? घराशी जोडलेला राहिला, तर तो टिकतो.

चांगल्या शोमरोनीने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, हे आपल्या स्मरणात असते. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकास पैसे दिले, अधिक खर्च झाल्यास परतताना फेडीन म्हणाला, हे आपण विसरतो. शस्त्रक्रिया काही तासांची, शुश्रूषा महिन्यांची. आणि हा मनुष्य त्या वाटेने एकटा का निघाला, असे त्याने एकदाही विचारले नाही.