आकाशांतील मारका बैल

सन २०२२ च्या एप्रिल महिन्याच्या २ तारखेस, पाडव्याच्या रात्रीं, चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्यांत लाडबोरी या गांवीं आकाशांतून धातूचें एक भलें मोठें कडें येऊन पडलें. त्याचा व्यास सुमारें १० फूट होता. देवाच्या दयेनें कोणास इजा झाली नाहीं. चीन देशानें २०२१ च्या फेब्रुवारींत सोडलेल्या अग्निबाणाचा तो अवशेष असावा, असें आकाशनिरीक्षकांनीं अनुमान केलें.

कोणी वाचक म्हणतील, "पाळकसाहेब, या गोष्टीचा आमच्या मंडळीशीं काय संबंध?" संबंध आहे. अग्निबाणाचें काम फार थोड्या वेळाचें असतें. उपग्रह वर पोहोंचविला कीं त्याचा टप्पा रिकामा होतो, आणि असे कित्येक टप्पे वर्षानुवर्षें पृथ्वीभोंवतीं फिरत राहतात. त्यांचा वेग दर सेकंदास ७ ते ८ किलोमीटर! रडार व दुर्बिणी लावून त्यांची व इतर तुकड्यांची नोंद ठेवितात. नोंदलेल्या वस्तु ३०,००० हून अधिक आहेत. आतां प्रश्न असा कीं, नोंद ठेविली म्हणजे कर्तव्य संपलें काय?

निर्गमाच्या २१ व्या अध्यायांत खाच खणून ती उघडी टाकणाऱ्यासंबंधीं नियम आहे. पण आमचें लक्ष त्याच अध्यायांतील मारक्या बैलाकडे अधिक जातें. बैलानें अकस्मात् कोणास ठार केलें, तर धनी निर्दोष. परंतु बैल मारका आहे हें धन्यास पूर्वीं कळविलें असून त्यानें तो आवरून ठेविला नाहीं, तर दोष धन्यावर येतो. म्हणजे कळल्यानें दोष हलका होत नाहीं, उलट जड होतो.

सन २००९ च्या फेब्रुवारीच्या १० तारखेस सैबेरियावर सुमारें ७९० किलोमीटर उंचीवर रशियाचा निकामी कॉसमॉस २२५१ व अमेरिकेचा चालू इरिडियम ३३ हे उपग्रह एकमेकांवर आदळले. दोघांचीही नोंद वहींत होती. तरी दोन हजारांहून अधिक तुकडे झाले.

चीनकडे बोट दाखविणें सोपें आहे. पण २००१ सालीं आपल्याच देशाच्या पीएसएलव्ही अग्निबाणाचा रिकामा टप्पा वर फुटला, व त्याचे ३०० हून अधिक तुकडे झाले. शिवाय पावसाचा जो अंदाज ऐकून आमचे शेतकरी बंधु पेरणी करितात, तो उपग्रहांच्याच साह्यानें मिळतो. लाभांत वांटा घ्यावा आणि दोषाच्या वेळीं हात झटकावे, हें आम्हांस बरें दिसत नाहीं.

बैल बांधणें कठीण आहे खरें. सन २०२४ मध्यें एक जपानी यान, त्याच देशानें २००९ सालीं सोडलेल्या अग्निबाणाच्या सुमारें तीन टन वजनाच्या टप्प्यापासून १५ मीटरांवर जाऊन पोहोंचलें. त्यानें तो जवळून पाहिला, त्याचीं छायाचित्रें घेतलीं. खालीं आणिला नाहीं. मात्र त्याच वर्षीं आपल्या इस्रोनें जानेवारींत सोडलेल्या पीएसएलव्हीचा शेवटचा टप्पा ६५० किलोमीटरांवरून ३५० किलोमीटरांवर मुद्दाम उतरविला आणि तो फुटूं नये म्हणून उरलेलें इंधन आधींच बाहेर सोडून दिलें. मार्चच्या २१ तारखेस तो पृथ्वीच्या वातावरणांत परत शिरला.